पडद्यावरचा मोत्या
(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिक अंकासाठी चित्रपटांवर लेख देतो असे मी म्हणालो, तेव्हा संपादक मंडळातील मित्राने विचारले, "कोणत्या नटावर लिहितोस?" मी म्हणालो, "कुत्र्यांवर." तो पोट धरून हसला आणि वर्गप्रतिनिधीकडे बोट दाखवून जे बोलला ते येथे छापण्यासारखे नाही. पण मी थट्टा करीत नव्हतो. गेल्या वर्षभरात मी कुत्र्यांचे आठ-नऊ चित्रपट पाहिले. काही आपल्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळाने शनिवारी दुपारी दाखवले, तर काही वसतिगृहात एकाच मोबाईलभोवती पाच जणांनी डोकी जुळवून पाहिले. त्यांतले कोणते घरच्यांबरोबर बसून पाहावेत, आणि पडद्यावरचा कुत्रा आपल्याला रडवतो तो नेमका कसा, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे. चित्रपटशास्त्राचा मी अभ्यासक नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मीच पहिला, आणि थिएटर आतून पाहिले तेही बारावी झाल्यावर. तेव्हा प्राध्यापक मंडळींनी चुका पोटात घालाव्यात.

कुत्र्याविषयी आपले वागणे मोठे दुटप्पी आहे. शिवी द्यायची तर कुत्र्यावरून द्यायची आणि खंडोबाला गेले की त्याच्याबरोबरच्या कुत्र्यापुढेही हात जोडायचे. युधिष्ठिराने कुत्र्यावाचून स्वर्गाचा रथ नाकारला, पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, या गोष्टी कीर्तनात ऐकून डोळे पुसायचे आणि मंडपाबाहेर येऊन पहिल्याच कुत्र्याला लाथ घालायची. चित्रपटवाल्यांनी यातला डोळे पुसण्याचा भाग अचूक हेरला, आणि तोही फार लवकर.

१९०५ साली इंग्लंडमध्ये सेसिल हेपवर्थ यांच्या कंपनीने 'रेस्क्यूड बाय रोव्हर' नावाचा सहा-सात मिनिटांचा मूकपट काढला. एक भिकारीण तान्हे मूल पळवते. घरचा कुत्रा रस्ते धुंडाळत, नदी पोहून जात तिच्या खोलीपर्यंत पोचतो, परत येतो आणि मालकाला घेऊन जातो. एवढीच गोष्ट. तीत बाप हेपवर्थ, आई त्यांची पत्नी, मूल त्यांचे आणि कुत्राही घरचाच, ब्लेअर नावाचा. चित्रपट इतका खपला की प्रती काढून काढून मूळ फिल्म झिजली आणि सारे चित्रण आणखी दोनदा करावे लागले.

हे वाचताना मला आपले दादासाहेब फाळके आठवले. त्यांनीही १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये रोहिदासाच्या कामासाठी घरचाच मुलगा उभा केला. सहज म्हणून पुढे वाचले तर धागा खरोखरीच जुळलेला निघाला. १९१२ साली फाळके चित्रपटाची विद्या शिकायला लंडनला गेले, तेव्हा ज्या स्टुडिओचे सगळे विभाग त्यांना मोकळेपणाने दाखवण्यात आले, तो वॉल्टन येथील याच हेपवर्थ यांचा स्टुडिओ. ज्या माणसाने घरच्या कुत्र्याला नायक केले, त्याच्याच अंगणात मराठी माणूस चित्रपट शिकून आला! आमच्या इतिहासाच्या वर्गात हे कोणी सांगितले असते तर मी मागच्या बाकावर झोपलो नसतो.

आता कुत्रा अभिनय करतो म्हणजे काय करतो? खरे तर तो काहीच करीत नाही. कॅमेऱ्याशेजारी त्याला शिकवणारा उभा असतो. त्याच्या हातात किंवा खिशात खाऊ असतो, आणि तो हाताने खूण करतो. पडद्यावर कुत्रा मृत मालकाकडे व्याकूळ होऊन पाहत आहे असे आपल्याला वाटते, तेव्हा प्रत्यक्षात तो मांसाच्या तुकड्याकडे पाहत असतो. मग व्याकुळता येते कुठून? रशियात लेव कुलेशोव नावाच्या दिग्दर्शकाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी एक प्रयोग केला होता. एका नटाचा कोरा चेहरा घेतला. तोच तुकडा एकदा सूपच्या ताटलीच्या चित्राला जोडला, एकदा शवपेटीला आणि एकदा तिसऱ्याच चित्राला. पाहणाऱ्यांना त्या एकाच चेहऱ्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. भाव चेहऱ्यावर नव्हताच, तो दोन तुकड्यांच्या सांध्यात होता आणि पाहणाऱ्याने तो स्वतःच्या मनातून भरला. कुत्र्याचा चेहरा या कामाला माणसापेक्षाही सोयीचा. माणूस नट अतिअभिनय करून सांधा बिघडवू शकतो, कुत्र्याला ते जमत नाही. आमच्या स्नेहसंमेलनातील नाटकात काम करणाऱ्यांनी यावर विचार करावा.

हे सारे कळल्यावर रडू येणार नाही अशी माझी समजूत होती. 'लॅसी कम होम' पाहिला आणि ती उतरली.

१९४३ सालचा हा रंगीत चित्रपट एरिक नाइट यांच्या कादंबरीवर आहे, दिग्दर्शक फ्रेड विल्कॉक्स. इंग्लंडातल्या यॉर्कशायरमधले एक गाव. मंदीचे दिवस. बापाला काम नाही. घरात एकच गोष्ट मोलाची, ती म्हणजे लॅसी ही कॉली जातीची कुत्री. ती रोज दुपारी चार वाजता शाळेच्या फाटकाशी येऊन ज्यो या मुलाची वाट पाहते, इतकी नेमाने की गावाने तिच्यावर घड्याळ लावावे. एक दिवस ती फाटकाशी नसते. आई-बापाने ती एका सरदाराला विकलेली असते. लॅसी पुन्हा पुन्हा पळून येते, आणि बाप पुन्हा पुन्हा तिला परत नेऊन देतो, कारण पैसे घेतलेले आहेत. शेवटी तिला दूर स्कॉटलंडला पाठवतात आणि तिथून ती डोंगर, नद्या, माणसांच्या काठ्या आणि गोळ्या चुकवीत घरी येते. सरदाराच्या नातीच्या भूमिकेत दहा-अकरा वर्षांची एलिझाबेथ टेलर आहे. वाटेत लॅसीला आसरा देणारे म्हातारे जोडपे आहे, तेवढा भाग फारच गोड आहे. शिवाय यॉर्कशायर आणि स्कॉटलंड म्हणून जे दिसते ते अमेरिकेतच चित्रित केलेले आहे.

लॅसीचे काम करणारा कुत्रा नर होता, नाव पाल. या भूमिकेसाठी आधी एक मादी निवडली होती. नदीच्या पुराचा प्रसंग मात्र पालकडून करून घेतला, आणि त्याने तो असा केला की भूमिकाच त्याला मिळाली. त्याचा शिक्षक रड वेदरवॅक्स. नरांच्या अंगावर केस दाट राहतात आणि ते पडद्यावर भरदार दिसतात, म्हणून पुढेही लॅसी झाली ती बहुधा पालच्याच वंशातली नर मंडळी. आपल्याकडे बालगंधर्व होऊन गेले, तेव्हा आपण याचे नवल करू नये.

पण मला जो प्रसंग विसरता येत नाही त्यात नदीही नाही आणि पूरही नाही. बाप ज्योला सरदाराच्या कुत्रेखान्यात घेऊन जातो आणि ज्योनेच लॅसीला सांगायचे असते की इथेच राहा, आता घरी येऊ नकोस.

इथे माझे थोडे सांगावे लागेल. आमचे घर ऊसतोडीचे. आईवडिलांचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या आगेमागे टोळीबरोबर ट्रॅक्टरने निघायचे, कारखान्याचा पट्टा पडला की उन्हाळ्यात परत यायचे. मी सहावीत होईपर्यंत आम्ही भावंडेही बरोबर जात असू. म्हातारी आजी तेवढी गावी राहायची. आमच्याकडे मोत्या नावाचा कुत्रा होता. जात-पात विचाराल तर गावठी, एक कान कायमचा पडलेला. सहावीच्या वर्षी निघताना तो ट्रॉलीमागे धावू लागला. कुत्रे घ्यायचे नाही असे मुकादमाने बजावले होते. आदल्या वर्षी वाटेत एका टोळीचे कुत्रे चाकाखाली आले होते. शिवेपर्यंत मोत्या धावला. मग ट्रॅक्टर चढाला हळू झाला तशी आई खाली उतरली आणि तिने त्याला दगड मारला. पहिला, मग दुसरा. तो थांबला. मी ट्रॉलीत सरपणावर बसलेलो होतो. त्या दिवशी मी आईशी बोललो नाही, आणि मनातल्या मनात पुढे कित्येक वर्षे बोललो नाही असे म्हटले तरी चालेल.

गेल्या मे महिन्यात मी आईला 'लॅसी' मोबाईलवर दाखवला. इंग्रजी तिला येत नाही, म्हणून मी शेजारी बसून वाक्यावाक्याला मराठी सांगत होतो. कुत्रेखान्याचा प्रसंग आला आणि मी सांगायचे थांबलो. ती म्हणाली, "कळलं मला, नको सांगू." थोड्या वेळाने चित्रपट चालू असतानाच म्हणाली, "म्या दगड नेम चुकवून मारला व्हता. दोन्ही." मी विचारले नव्हते. माझ्या मनात काय आहे हे तिला ठाऊक होते, एवढेच मला त्या दिवशी कळले.

चित्रपटाच्या शेवटी सरदार लॅसीला ओळखूनही ती आपली कुत्री नव्हे असे म्हणतो आणि ज्योच्या बापाला आपल्याकडे कामाला ठेवतो. आमच्या सरांच्या मते हा शेवट भाबडा आहे. असेल. पण बापाला काम मिळाल्यावाचून कुत्रा घरी राहू शकत नाही हे या लेखकाला नीट माहीत होते, म्हणून मला तो तितका भाबडा वाटत नाही. आई तर म्हणाली, "पगार किती ते नाही सांगितलं."

'ओल्ड येलर' (१९५७) हा डिस्ने कंपनीचा चित्रपट, दिग्दर्शक रॉबर्ट स्टीव्हन्सन, मूळ कादंबरी फ्रेड गिप्सन यांची. हा लहान मुलांना दाखवताना शेजारी मोठे माणूस असावे. काळ १८६० नंतरचा, अमेरिकेतले टेक्सास. बाप गुरे घेऊन दूर विकायला गेलेला, आणि मोठा मुलगा ट्रॅव्हिस घराचा कर्ता झालेला. एक पिवळा भटका कुत्रा येतो, मांस चोरतो, मार खातो आणि हळूहळू घरचा होतो. अस्वलापासून धाकट्याला वाचवतो, रानडुकरांशी झुंजतो. शेवटी एका पिसाळलेल्या लांडग्याशी झुंजताना त्याला चावा बसतो. त्याला कोंडून ठेवतात. काही दिवसांनी तो ट्रॅव्हिसवरच दात विचकतो, आणि ट्रॅव्हिसला बंदूक उचलावी लागते.

वसतिगृहातला एक मित्र रागावून म्हणाला, "अरे, दवाखान्यात न्यायचे ना!" पण पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरची लस माणसाला पहिल्यांदा दिली १८८५ साली. ट्रॅव्हिसच्या काळी ती कुठेच नव्हती. आणि कुत्र्याला लक्षणे दिसू लागल्यावर तर आजही काही करता येत नाही. माणसाचेही तेच, लक्षणे दिसल्यावर वाचणे जवळजवळ अशक्य. म्हणून चावल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आमच्या भागात अजून जखमेत मिरची भरतात, चुना लावतात. का, तर 'पोटात चौदा इंजेक्शने' ही भीती. ती जुनी लस आपल्या देशात केव्हाच बंद झाली. आता दंडात चार-पाच वेळा टोचतात, जखम खोल असेल तर जखमेभोवती आणखी एक औषध देतात, आणि सरकारी दवाखान्यात हे मिळते. चित्रपटाच्या लेखात हे कशाला, असे कोणी म्हणेल. 'ओल्ड येलर' आमच्या गावच्या शाळेत दाखवला तर त्यानंतर हेच बोलावे लागेल, म्हणून.

काही चित्रपट ओझरतेच उल्लेखतो. 'एकशे एक डाल्मेशियन्स'चे १९६१ सालचे चित्रमय रूप लहानांना हमखास आवडते. १९९६ साली त्याची खऱ्या कुत्र्यांची आवृत्ती निघाली. तिच्यानंतर अमेरिकेत लोकांनी हौसेने ठिपक्यांचे कुत्रे घेतले आणि अंगावर पडल्यावर सोडूनही दिले, ही मात्र वाईट गोष्ट. आपल्या हिंदीतला 'तेरी मेहरबानियां' (१९८५) आमच्या वसतिगृहाचा लाडका. जॅकी श्रॉफचा खून होतो आणि त्याचा कुत्रा एकेका खलनायकाचा हिशेब चुकता करतो. खलनायकांत अमरीश पुरी आणि आपले सदाशिव अमरापूरकर. त्या कुत्र्याला मागच्या आठवणीही येतात, आणि त्या आपल्याला पडद्यावर दिसतात! कुत्र्याचे नाव मोती, म्हणून मी हसणाऱ्यांत पूर्णपणे सामील झालो नाही. मारामारी फार आहे, घरातल्या लहानांना नको.

इटलीचा 'उंबेर्तो डी' (१९५२) लहानांसाठी नाही, पण घरातल्या मोठ्यांनी पाहावा. दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका. निवृत्तिवेतनात भागत नाही असा एकटा म्हातारा आणि त्याचा छोटा कुत्रा फ्लाइक. म्हाताऱ्याला जीव द्यायचा आहे, पण आधी कुत्र्याची सोय लावायची आहे, आणि ती कुठेच लागत नाही. त्या म्हाताऱ्याचे काम करणारे कार्लो बातिस्ती हे नट नव्हते, ते विद्यापीठात भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. आमच्या मराठी विभागातील सरांना ही माहिती देताच ते आरशात पाहून आले.

भारतीय चित्रपटांत मला सर्वांत आवडला तो कन्नड '७७७ चार्ली' (२०२२), दिग्दर्शक किरणराज, नायक रक्षित शेट्टी. हिंदीतही मिळतो. माणसांना कंटाळलेला, कोणाशी न बोलणारा धर्मा आणि त्याच्या दारी आलेली लॅब्रेडॉर जातीची चार्ली. पैशासाठी जवळच्या नात्यातल्या कुत्र्यांची वीण वाढवणाऱ्या धंदेवाल्याकडून ती सुटून आलेली असते, आणि त्या विणीचे दुखणे तिच्या अंगात असते. तिला बर्फ दाखवायचा म्हणून धर्मा तिला मोटरसायकलला जोडलेल्या गाडीत बसवून थेट हिमालयाकडे निघतो. मध्ये गाणी जास्त आहेत, लांबीही अर्धा तास कमी चालली असती. पण शहरात ऐटीने 'जातिवंत' पिल्लू विकत घेणाऱ्या प्रत्येकाने तो पाहावा. आईने हा दोनदा पाहिला. तिला धर्मा आवडला, कारण तो स्वतः भांडी घासतो.

राहिला हाचिको. ही घडलेली गोष्ट आहे. टोकियो विद्यापीठात शेतीशास्त्र शिकवणारे प्राध्यापक हिदेसाबुरो उएनो यांचा अकिता जातीचा कुत्रा, जन्म १९२३ चा. प्राध्यापक घरी परतायच्या वेळी तो शिबुया स्थानकावर जायचा. मे १९२५ मध्ये प्राध्यापक कामावर असतानाच वारले. कुत्रा जात राहिला, मार्च १९३५ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षे. सुरुवातीला स्थानकावरचे लोक त्याला हुसकावत, मारत. १९३२ मध्ये वर्तमानपत्रात बातमी आली आणि मग तोच कुत्रा साऱ्या देशाचा झाला. १९३४ मध्ये त्याचा पुतळा उभारला तेव्हा तो स्वतः तिथे हजर होता. तो पुतळा युद्धात धातूसाठी वितळवला. आज आहे तो १९४८ सालचा, आणि तो मूळ शिल्पकाराच्या मुलाने घडवला.

यावरचे दोन चित्रपट सांगतो. जपानी 'हाचिको मोनोगातारी' (१९८७), लेखन कानेतो शिंदो, प्राध्यापकाच्या भूमिकेत तात्सुया नाकादाई. आणि अमेरिकन 'हाची' (२००९), दिग्दर्शक लासे हॉलस्ट्रॉम, नायक रिचर्ड गिअर. दुसरा अधिक सुबक आहे, त्यात कुत्र्याच्या नजरेने दिसणारी दृश्ये जवळजवळ रंगहीन दाखवली आहेत. (कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग दिसतो, पण ते असो.) मला जपानीच अधिक भावतो, कारण त्यात मालक गेल्यावर कुत्र्याचे हाल दाखवायला दिग्दर्शक बिचकत नाही. घर मोडते, माणसे विखुरतात, कुत्रा हातोहात जातो. अमेरिकन चित्रपटात स्थानकावरची सगळीच माणसे त्याला खाऊ घालतात.

काही शंकेखोरांचे म्हणणे असे की हाचिको मालकासाठी येतच नव्हता, स्थानकाजवळच्या दुकानांतून मिळणाऱ्या मांसाच्या तुकड्यांसाठी येत होता. मेल्यावर त्याच्या पोटात तसल्या भाजलेल्या मांसाच्या काड्या सापडल्या हे खरे आहे. २०११ मध्ये त्याच्या जतन केलेल्या अवयवांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा मरण त्या काड्यांमुळे आले नव्हते, त्याला कर्करोग होता आणि हृदयात जंतही होते, असे दिसले. काड्यांनी काय सिद्ध होते हे मला कळत नाही. वाट पाहणाऱ्यालाही भूक लागतेच. आमचे वडील कारखान्याच्या फडात सहा महिने गावाची वाट पाहतात तेव्हा काय जेवत नाहीत?

आईला 'लॅसी' दाखवला, 'चार्ली' दाखवला. 'हाचिको' अजून दाखवलेला नाही. त्या वर्षी पट्टा पडल्यावर आम्ही परतलो तेव्हा मोत्या घरी नव्हता. आजीने सांगितले, आम्ही गेल्यापासून तो रोज संध्याकाळी फाट्यावर, जिथून ट्रॅक्टर डांबरी रस्त्याला लागला तिथे जाऊन बसायचा. अंधार पडला की घरी यायचा, भाकरी खायचा. पौषात कधीतरी गेला तो आलाच नाही. आजीने हे मला एकट्याला सांगितले होते, आणि तुझ्या आईला सांगू नकोस म्हणून बजावले होते. आजी आता नाही. चित्रपट मोबाईलमध्ये उतरवून ठेवला आहे, यंदाची टोळी परत आली की ठरवीन.